भर उन्हातली लाईट

भर दुपारी बाराला, ऊन आग ओकत असताना, दोन्ही हेडलाइटी लावून टँकर चालवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. पाहिलाय काय, त्यांच्या शेजारी बसून सबंध उन्हाळा जीव मुठीत धरून काढलाय. बन्सीतात्या त्यांचं नाव. आमच्या तालुक्याच्या सहकारी दूध संघाचे ड्रायव्हर.

त्या साली दुष्काळ असा पडला की जनावरं छावणीला गेली आणि संघात दूधच येईना. मग दुधाच्या टँकरमधून पाणी न्यायचं ठरलं. नांदूरघाटाकडच्या विहिरीवर टँकर भरायचा आणि वरच्या वस्त्यांवर ओतायचा. प्रत्येक खेपेला वस्तीवरून सही आणायला संघाचा माणूस लागायचा, म्हणून दुधाची फॅट तपासणारा मी तात्यांच्या शेजारी येऊन बसलो. मी मुळातच भित्रा. त्यात एकेक खेप जास्त मारायची म्हणून बेफाम सुटलेले बाकीचे टँकर बघितले की मी दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवायचो.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दिवसा कुणाची लाईट चालू दिसली की समोरचा हात वर करून मूठ उघडझाप करतो. बाबा रे, लाईट राहिलीय. तात्यांना तर सगळेच हात करायचे. एसटीचा ड्रायव्हर, मेंढरामागचा म्हातारा, घागर घेतलेली एखादी म्हातारी, एकदा तर घोड्यावर बसलेला नवरदेव! आणि दर वेळी तात्या स्टेरिंग सोडून, दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार करायचे. दोन्ही हात हो! मी डोळे मिटून कुलदैवताचा धावा करायचो.

"तात्या, स्टेरिंग! स्टेरिंग!"

"दिसलो ना त्याला? मग झालं तर!" हे त्यांचं पालुपद. "हात केला म्हंजे त्यानं बघितलं. बघितलं म्हंजे आंगावर येत न्हाई."

खरं तर तात्या माझ्याहून भित्रे. तीसच्या वर काटा कधी गेला नाही. म्हैस दिसली की गाडी जागेवर उभी. "म्हशीच्या मनातलं तिच्या धन्याला तरी कळतं का?" मोटरसायकलवर नवराबायको दिसले की गाडी पार कडेला. "भांडण चालू आसंल. ध्यान नसतंय." प्रत्येक वस्तीवर खाली उतरून आपल्या पिण्याच्या पाण्यात उपरण्याचं टोक भिजवायचे आणि हेडलाइटच्या काचा पुसायचे. बाया खवळायच्या.

"आवो तात्या, हितं घोटभर मिळंना आन् तुमी काचा धुता व्हय?"

"ह्यो माझ्या वाटणीचा पेला हाय, बाई," म्हणायचे, आणि संध्याकाळपर्यंत कोरड्या घशानं गाडी हाकायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा एखादा स्क्रू ढिला आहे.

अशात संघाच्या अध्यक्षांनी नवी कार घेतली. तिच्या पुढच्या बाजूला पांढऱ्या लाइटींची बारीक ओळ, दिवसासुद्धा चालू. सगळा स्टाफ गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होता. अध्यक्ष म्हणाले, "चावी फिरवली की आपोआप लागते. सेफ्टी पण आहे आणि स्टाईल पण."

तात्यांनी हात जोडले. "सायेब, मग माझ्या टँकरचं बी तेच की. फकस्त स्टाईल तेवढी न्हाई."

सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "बन्सीराव, ती कंपनीची सोय आहे. तुम्ही संघाची बॅटरी खाताय." घटकाभरात फिटर आला, त्यानं टँकरच्या हेडलाइटचा फ्यूज उपसला आणि माझ्या हातावर ठेवला. "अंधार पडला तरच बसवा. सायबांचा हुकूम हाय." मी तो मुकाट्यानं खिशात टाकला. लपवत नाही, नोकरीची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही लाईटीविना निघालो. रस्त्यानं एकानंही हात केला नाही. अर्ध्या वाटेवर ते पुटपुटले, "आज कुनालाच दिसंना मी."

वस्तीच्या अलीकडं कच्चा रस्ता. समोरून एक रिकामा टँकर सुसाट आला, आम्हाला घासून गेला आणि मागं धुळीची भिंत उभी राहिली. पुढचं काही म्हणता काही दिसेना. तात्यांनी वेग कमी करून खिडकीतून मान बाहेर काढली. घामानं निथळत होते.

"तात्या, हॉर्न तरी वाजवा!"

"तिला ऐकू येत न्हाई."

"कुणाला?"

तेवढ्यात धुळीत पितळ चकाकलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. तात्या ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले. माझं कपाळ काचेवर आपटलं.

धूळ बसली. गाडीपुढं वीतभर अंतरावर एक म्हातारी उभी होती. डोक्यावर घागर, नाकाला पदर.

तात्या खाली उतरले. चाकाला टेकून खालीच बसले. "आक्का हाय माझी. थोरली. ल्हानपनी तापात कान गेले, बोलनं बी ऱ्हायलं. माय गेल्यावर हिनंच वाढवलं मला. मागल्या दुष्काळात एक टँकर हिला घासून गेला, तवापास्नं लाईट लावतो. धुराळ्यात तेवढीच दिसती हिला. दिसली की कडंला हुती." आणि ते लहान पोरासारखे रडायला लागले.

आक्का रागावली नाही. तिनं घागर खाली ठेवली आणि विझलेल्या हेडलाइटवर तळहात ठेवला. लेकराला ताप आहे का ते बघतात, तसा. मग माझ्याकडं वळून तिनं हात वर केला, मूठ दोनदा उघडझाप केली आणि रिकामा पंजा हलवला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

तात्यांनी डोळे पुसले. "मूठ उघडझाप म्हंजे मी. तिच्यापाशी मला दुसरं नाव न्हाई. इचारती, आज बन्सी कावून दिसला न्हाई."

तिला काय सांगणार? उत्तर माझ्या खिशात होतं. मी फ्यूज काढला, जागेवर बसवला आणि बटन दाबलं. आक्का हसली, घागर उचलून कडेला झाली.

परत येताना नोकरीची भीती होतीच. पण फ्यूज काढायला हात काही उचलेना. नांदूरघाटाच्या अलीकडं समोरून एसटी आली. ड्रायव्हरनं मूठ उघडझाप केली. तात्यांच्या हातून मात्र अजून स्टेरिंग काही सुटेना.

म्हणून त्या दिवशी नमस्कार मी केला. दोन्ही हातांनी.