रिकाम्या घराले खुर्ची द्या

सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीतल्या धोटेकाकांनी एकदा दवाखान्यातल्या वजनकाट्याशी भांडण केलं होतं. काट्यानं चिठ्ठी छापली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "यावर सही कोनाची?" शेवटी कंपाउंडरनं सही केली, तेव्हा कुठे काकांनी आपलं वजन मान्य केलं.

सारा जन्म कारकुनीत गेलेला माणूस. पुतण्याची कॉम्प्युटरवरची पत्रिका आली तरी तेच. "मंगळ आहे म्हनते. म्हनते कोन? त्याले समोर आना." आम्ही पाठीमागे हसायचो. मी तर भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, सगळ्यात जास्त हसायचो.

मग पाणी वाचावं, पुढच्या पिढ्यांना पुरावं म्हणून आमच्या भागातल्या नळांवर एआय बसलं. हेतू चांगलाच होता. ज्या घराचं मीटर जेमतेम फिरे, ते घर रिकामं समजून एआय त्याचा नळ बंद करी. पहिला बंद झाला कोपऱ्यावरच्या शांताबाईंचा. बाई भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालणाऱ्या. अख्ख्या गल्लीत पाणी वाचवत होत्या त्या एकट्याच!

काकांनी बाईंना ऑटोत बसवलं आणि थेट पाण्याच्या कचेरीत नेलं. मीही गेलो, गंमत पाहायला.

काका बाईंकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, हे रिकामं घर. जिना चढून थकून राहिलं. खुर्ची द्या त्याले."

साहेब ओशाळले. "काका, ते एआयनं ठरवलं."

"ठरवू द्या ना. माह्यापेक्षा हुशार आहे ते. पन चुकलं तर बाईनं कोनाचं दार वाजवाचं? सही कोनाची?"

साहेब कागदावर सही शोधू लागले. मी काकांकडे पाहतच राहिलो. ज्या प्रश्नाला आम्ही इतकी वर्षं हसलो, त्यानं सगळी कचेरी कामाला लागली होती. नळ त्याच दिवशी सुरू झाला. पुढे नियमही निघाला, की माणसानं दार वाजवून सही केल्याशिवाय कुणाचा नळ बंद करायचा नाही. एका म्हाताऱ्यानं एवढ्या मोठ्या यंत्राला दार वाजवायला लावलं, याचं मला अजून नवल वाटतं.

मागच्या आठवड्यात कचेरीचा माणूस बंद करायच्या नळांची यादी घेऊन माझ्याकडे आला. "भाऊ, बाजूचं घर रिकामं आहे काय? केव्हाचा दार वाजवून राहिलो, कोनी उघडत नाही."

बाजूचं घर म्हणजे काकांचं.

मी हसणार होतो, पण यादीत त्यांचं नाव पाहिलं आणि हसू आलं नाही. काकू जाऊन वर्ष झालं होतं. त्या वर्षात मी रोज फाटकाशी काकांची थट्टा केली, आत एकदाही गेलो नव्हतो. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात काका तलावावरून फिरून आले. त्यांनी यादी वाचली. मला वाटलं, आता या माणसाची खैर नाही. पण ते हळूच म्हणाले, "त्याचं काही चुकलं नाही गा. एक ताट, एक गिलास. किती पानी लागनार?"

"चुकलं," मी म्हणालो. कागद ओढला, 'राहतात' असं लिहिलं आणि खाली सही केली. काकांनी ती चष्मा लावून तपासली.

"मंग आत ये ना. चहा मांडतो."

फळीवरून त्यांनी दोन कप काढले. दुसऱ्यावर धूळ होती. तो कप ते नळाखाली बराच वेळ धूत राहिले.