कंस बंद कोण करणार?

धाकट्या भाऊजींनी वहिनीला सहज विचारलं, जरा पाच मिनिटं बसता का, आणि वहिनी बसली. तिथंच चुकलं.

भाऊजी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. घरात त्यांना पंडित म्हणायचे, कारण कोणी विचारलं नाही तरी ते सांगायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना एक प्रोजेक्ट मिळालं होतं. कॉम्प्युटरला हुकूम द्यायची एक भाषा आहे म्हणे, तिला मालक नाही. जगभरातले लोक ती मिळून बनवतात, कोणीही वापरा, कोणीही दुरुस्त करा. (फुकट आहे म्हटल्यावर सासूबाईंचा तिच्यावरचा विश्वासच उडाला.) त्या भाषेत लिहिताना चुकलं की कॉम्प्युटर इंग्रजीत सूचना देतो. त्या सूचना आपल्या भाषेत आणायचं काम पंडितांकडे होतं. शुक्रवारी अर्ध्या कामाची तपासणी. नापास झाले तर प्रोजेक्टमधून बाहेर. आणि इकडे निवड झाल्याचं सगळ्या नातेवाइकांना सांगून झालेलं.

मार्गदर्शक बाईंची एक अट होती: कॉम्प्युटर अजिबात न येणाऱ्या माणसाला सूचना दाखवून बघ. पंडितांना असं माणूस शोधत लांब जावं लागलं नाही. वहिनी सातवी पास.

वहिनीचं सगळं लक्ष पाळण्याकडे. बाळ झोपलं की श्वास चालू आहे ना म्हणून ती बघायला जायची, त्यानं ते उठायचं, मग का उठलं म्हणून पुन्हा घाबरायची. तशातच तिनं पंडितांनी सांगितलेली ओळ टाइप केली. स्क्रीनवर उमटलं, ‘अनपेक्षित पंक्तिसमाप्ती: समापक कंसाचा अभाव.’

वहिनीनं आधी पाळण्याकडे बघितलं. “कोणी गेलं का हो?”

“कंस बंद करायचा राहिला, वहिनी. एवढंच.”

“मग तसं लिहा ना: कंस उघडलास तू, बंद कोण करणार? मी?”

पुढची सूचना ‘अपरिभाषित चलाचा संदर्भ’. म्हणजे ज्याचं नाव घेतलं ते आधी कुठं सांगितलेलंच नाही. वहिनी म्हणाली, असं लिहा, ज्याला हाक मारतोस तो या घरात राहत नाही, आधी ओळख करून दे. शून्यानं भागलं तर, वाटायला बसलास पण घ्यायला कोणी नाही.

पंडितांना हसून हसून उचकी लागली. मित्रांना वाचून दाखवायला म्हणून त्यांनी ती वाक्यं आपल्या सूचनांच्या जागी टाइप केली. आणि शुक्रवारी (एवढे हुशार) तीच फाइल पाठवून दिली.

तासाभरानं लक्षात आलं तेव्हा चेहरा पार उतरला. तिथं सगळं उघड्यावर असतं, पाठवलं की जगानं वाचलं.

“वहिनी, तुमच्यामुळे मी बुडालो.”

वहिनीला वेगळीच धास्ती. “तिकडच्या मोठमोठ्या लोकांनाही तसंच गेलं का? अरे-तुरे करून?”

दोन दिवस ती धड जेवली नाही. आपल्या तोंडामुळे दिराचं वाटोळं झालं, आता सासरी कसं तोंड दाखवायचं.

रविवारी बाईंचं उत्तर आलं. त्यांनी दोन्ही तऱ्हेच्या सूचना आपल्या नव्या विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या होत्या. पंडितांच्या सूचना वाचून मुलं चूक सोडून शब्दकोश हुडकायला लागली. वहिनीच्या वाचून हसली आणि तिथल्या तिथं चूक दुरुस्त करून मोकळी झाली. पंडित पास. फक्त उरलेल्या दोनशे सूचनाही ज्यांनी या तीन सांगितल्या त्यांच्याकडूनच घ्याव्यात.

तेव्हापासून जे पंडित कधी स्वतःचा पेला उचलत नव्हते, ते एका हातानं पाळणा हलवत दुसऱ्या हातानं टाइप करायला लागले. वहिनीलाही जरा चढलीच. बाळाचं दूध गॅसवर ठेवून ती खुर्चीत ऐसपैस बसायची आणि सांगायची, लिहा, भाऊजी, काम सुरू करून जो विसरतो त्याच्यासाठी जरा कडक लिहा.

करपल्याचा वास आला तेव्हा ती एकशे चाळिसाव्या चुकीवर होती. सासूबाई आतून सावकाश आल्या, हातात काळं पडलेलं पातेलं.

“गॅस पेटवलास तू. बंद कोण करणार? मी?”

पंडितांनी मानही वर केली नाही. “वहिनी, हे कितव्या चुकीपुढे घालू?”