नावाडी बुडाला की वाचला?

सतरा सप्टेंबरला सकाळी साडेनऊला नवा व्हिडिओ गेम खुला होणार होता. आठ वाजता अंबरीश मोहरील बैठकीत आला, तर गेम खेळायच्या डब्याला हळदकुंकू लागलेलं, वर झेंडूचं फूल आणि भोवती लाल धाग्याचे सात वेढे. शेजारच्या टीव्हीचीही तीच गत.

“बाबा, हे काय करून राहिले?”

“विश्वकर्मा पूजा,” रामकृष्णराव उदबत्ती ओवाळत म्हणाले. “आज यंत्राला आराम. उद्या सकाळी धागा सोडायचा, मगच हात लावायचा.”

 अकरा वर्षांपूर्वी अंबरीशने याच ‘काळडोह’ गेमचा पहिला भाग संपवला होता. शेवटी म्हातारा नावाडी पोरीला काठावर ढकलतो, स्वतः भोवऱ्यात जातो, पाण्यावर फक्त हात दिसतो आणि पडदा काळा होतो. तो बुडाला की वाचला? या प्रश्नापायी अंबरीशने अकरा वर्षं काढली. दरम्यान नोकरी लागली, लग्न झालं, कपाळावरचे केस मागे सरकले. नावाड्याचा पत्ता नव्हता. आज दुसरा भाग येणार म्हणून त्याने तो आगाऊच डब्यात उतरवून ठेवला होता आणि रेल्वेच्या ऑफिसातून महत्प्रयासाने एक रजा मिळवली होती.

“बाबा, हे यंत्र नाहीच आहे. खेळणं आहे हे.”

“अच्छा? मग डबा घरात आणला तेव्हा कोण म्हणालं, ऑफिसच्या कामाची मशीन आहे म्हणून?”

अंबरीशची बायको प्रणोती ओढणी तोंडाशी धरून स्वयंपाकघरात पळाली. रामकृष्णरावांची अडतीस वर्षं तोफांच्या कारखान्यात, तीही तपासणी खात्यात गेली होती. त्यांच्या हातून खोटा नग सुटत नसे, मग पोटचा पोरगा कसा सुटणार?

“आता असं कर,” ते म्हणाले, “कमानिया गेटच्या बाजारातून प्रसादाचे लाडू घेऊन ये.”

अंबरीश किल्ली घ्यायला गेला, तर स्कूटरलाही धागा. गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरून तो ऑटोने निघाला. ऑटोच्या हँडललाही हार होता, पण ड्रायव्हरचा विश्वकर्मा बहुधा समजूतदार असावा.

मिठाईच्या दुकानात रांग होती; नंबर येईतो दहा वाजले. अंबरीशने पैसे दिले, तेवढ्यात मागची दोन कॉलेजची पोरं मोबाईलवर वाकली.

“अरे भाई, काळडोह शुरू कर दिया! वो नाववाला ना...”

अंबरीशने दोन्ही कानांत बोटं घातली आणि तो पळत सुटला. थेट घरी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की पैसे देऊन झालेत आणि लाडू काउंटरवर राहिलेत. तो पुन्हा गेला. या खेपेला कानांत कापूस होता, त्यामुळे दुकानदार “भैया, आपके लड्डू!” म्हणून ओरडत राहिला आणि अंबरीश आपला शांतपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

संध्याकाळपर्यंत प्रसादाला शेजारपाजार येऊन गेला. प्रत्येकाने धाग्यातल्या डब्याला नमस्कार केला. अंबरीशनेही केला, आणि त्याच्याइतका मनापासून कोणीच केला नसेल.

रजा संपली. दुसऱ्या दिवशी निघताना त्याने बजावलं, “बाबा, धागा सोडा, पण डबा तसाच राहू द्या.”

“सुरू करून तर पाहावंच लागेल. पूजेनंतरचा पहिला नग तपासल्याशिवाय मी कधी गेटाबाहेर सोडला नाही.”

दिवसभर अंबरीश कानांत कापूस घालून फायली उपसत बसला. साहेबांनी दोनदा हाक मारली, त्याने दोनदा हसून मान डोलावली, आणि त्या मानेपायी पुढच्या तीन रविवारांची ड्यूटी त्याच्या नावावर लागली. काही हरकत नाही, तो मनाशी म्हणाला. आज संध्याकाळी कळणार!

घरी पोचून त्याने दारातच कापूस काढला. आतून रामकृष्णराव धावत आले.

“अंबरीश! अरे, तो नावाडी जिवंत आहे!”

अकरा वर्षांची वाट, आणि ती उंबऱ्यावर संपली, पायातले बूटसुद्धा निघाले नव्हते. अंबरीश तोंड उघडून ओरडणार होता. पण बाबांचे डोळे भरून आले होते. तपासणी खात्यातल्या माणसाचे असे डोळे त्याने जन्मात पाहिले नव्हते.

“काय पाणी आहे रे बाप्पा! आपल्या भेडाघाटासारखं. मधोमध तो नाव घेऊन येतो, थकलेला, पांढरा झालेला. तू ह्याची वाट पाहून राहिला होता? मला काहून नाही सांगितलं कधी?”

अंबरीशने पडद्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उंच कडे, त्यांच्यावर टेकलेलं ऊन आणि हिरव्या पाण्यावर एक लहानशी नाव. नावेत तोच म्हातारा. अंबरीशचा राग कुठल्या कुठे गेला. 

“पुढे काय होतं?” त्याने हळूच विचारलं.

“मला काय माहीत? दुपारपासून नाव इथंच उभी केली आहे,” रामकृष्णराव म्हणाले. “म्हटलं, पुढचं तू आल्यावर.”

 बूट भिरकावून अंबरीश सतरंजीवर बापाला खेटून बसला आणि रिमोटसाठी त्याने हात पुढे केला.

रामकृष्णरावांनी रिमोट दुसऱ्या हातात घेतला.

“तू बघ,” ते म्हणाले. “वल्हं मी मारतो.”