एकोणतीस मिलीची तफावत

वजनमाप खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला दूध मोजता येणार नाही, असं म्हणायची कोणाची टाप आहे? बाजारात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. निवृत्तीनंतर मात्र घरात त्यांना कोणी काही करूच देत नव्हतं. भाजी चिरायला बसले की बायको सुरी काढून घेई, कपडे वाळत घातले की सून ते पुन्हा झटकून घाली. म्हणून त्या सकाळी सुनेने आपणहून मदत मागितली, तेव्हा बढतीचा कागद हाती पडावा तसे ते खुर्चीतून उठले.

वाचनालयाच्या निरोपसमारंभासाठी तिला पंधरा जणांचं पुडिंग करून द्यायचं होतं. तिची ही पहिलीच मोठी ऑर्डर. अंडी-साखर फेटून तयार होती आणि तिला ताटल्या पोचवून यायच्या होत्या.

"बाबा, यात हजार ग्रॅम दूध घाला आणि ओव्हनमध्ये ठेवा. मापाने लिटरभर घेतलंत तरी चालेल."

चालेल? काटेसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. दूध पाण्यापेक्षा जड. हजार ग्रॅम म्हणजे नऊशे एकाहत्तर मिली, एकोणतीस मिलीची सरळसरळ तफावत! शिवाय त्या प्लॅस्टिकच्या मापावर सरकारी शिक्काही नव्हता. त्यांनी जाड बुडाचं पातेलं काट्यावर ठेवलं, बारीक धारेने दूध ओतलं आणि बरोबर हजारावर हात थांबवला. दूध जरा तळाशीच दिसलं, पण काटा खोटं बोलत नाही. पुडिंग ओव्हनमध्ये गेलं.

मग किटलीत पाहतात तो निम्म्याहून जास्त दूध शिल्लक! दूधवाल्याने लिटरच दिलं होतं. उरायला हवं होतं चमचा-दोन चमचे. काटेसाहेबांना भरून आलं. माप जास्त देणारा माणूस त्यांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता.

दूधवाला अजून गल्लीतच होता. हे खाली गेले आणि चारचौघांत त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं माप मी आज तपासलं. इतकं देत जाऊ नकोस रे."

दूधवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. हा टोमणाच, दुसरं काय! त्याने हात जोडले. "साहेब, फार नाही घालत. तांब्याभरच पाणी." आणि न मागता मागच्या कॅनमधलं दोन लिटर अस्सल दूध त्याने त्यांच्या हातात दिलं.

पाणी घालूनही माप जास्त? काटेसाहेब चक्रावून वर आले. तोवर सूनही परतली होती. ओव्हनमधून निघालं ते गोड ऑम्लेट. तिने किटली पाहिली, मग पातेलं पाहिलं.

"बाबा, पातेल्याचं वजन वजा केलंत ना?"

हाच प्रश्न विचारून त्यांनी अर्ध्या बाजाराला घाम फोडला होता. दुकानदार तेव्हा जे करत, तेच आज त्यांनी केलं. खाली बघितलं.

"चुकलो पोरी. तुझी पहिली ऑर्डर बुडवली मी."

सुनेने घड्याळ पाहिलं, आणखी अंडी फोडली आणि ते नवं दूध मापाने घेतलं, बिनशिक्क्याच्या. संध्याकाळी ती रिकामा ट्रे घेऊन घरी आली. इतकं दाट पुडिंग तिचं आजवर कधी झालं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "उद्यापासून दूध घ्यायला तुम्हीच जात जा."

काटेसाहेबांची छाती फुगली. घरात एक काम तरी हक्काचं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काखेत काटा मारून निघाले.

"तो राहू द्या इथेच," सून म्हणाली. "तुम्ही मोजायचं काही नाही. नुसतं उभं राहायचं."