धवळीचा हॉर्न

अप्पा पाटलांच्या गाडीत बसणाऱ्याने आधी तोंड बंद ठेवायचं असतं. इंजिन चालू करण्यापूर्वी अप्पा सगळी बटणं एकेक दाबून बघतात, डोकं पार डॅशबोर्डाखाली घालतात, एक बोट वर करतात आणि म्हणतात, "चूप! टिक ऐकू दे." शेजारच्या सुनेला दवाखान्यातून घरी आणताना तिच्या कोवळ्या बाळालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. बाळाने ऐकलं नाही, त्यामुळे गाडी सुटायला उशीर झाला.

अप्पा इथे डिंडोलीत आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे अमळनेरकडचे. सगळी नोकरी साड्यांच्या मिलमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून केली आणि निवृत्त होताना शेठ भंगारात काढत होता ती जुनी पांढरी गाडी मागून घेतली. तिचं नाव ठेवलं धवळी. गावाकडे त्यांची याच नावाची गाय होती म्हणे, आणि तीही मनात आलं तरच चालायची.

टिक असते ती रिलेची. रिले म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. बटण दाबलं की तिच्या आत टिक होतं आणि बॅटरीचा पूर्ण जोर दिव्यांना किंवा हॉर्नला मिळतो. धवळीत हे रिले अप्पांनी स्वतः बसवलेत. मी पडलो ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या बिनरंगी कापडाचा दलाल, म्हणून ते मला मिलच्या भाषेत समजावतात. "बटण म्हणजे शेठ. हळू बोलतो. रिले म्हणजे मुकादम. शेठचं ऐकून हा बोंबलतो, तेव्हा काम होतं."

गेल्या हिवाळ्यात धवळीचा हॉर्न मुका झाला. अप्पांनी बॉनेट उघडून माझं बोट एका डबीवर टेकवलं आणि आत जाऊन हॉर्न दाबला.

"टिक लागते का बोटाला?"

"लागते."

"मंग मुकादम जागा आहे, घसा बसलाय. आतले पॉइंट जळले."

खात्री करायला त्यांनी दिव्यांचा रिले उपटून हॉर्नच्या जागी खोचला. हॉर्न असा कडाडला की समोरच्या पानवाल्याच्या हातून चुना सांडला. दिवे मात्र गेले.

पर्वत पाटिया भागातल्या गुजराती दुकानदाराने नवा रिले दाखवला, पण त्याच्या पिना वेगळ्या होत्या आणि धवळीच्या जुन्या सॉकेटला कात्री लावायला अप्पा तयार नव्हते. "काका, डायरेक्ट करी आपुं?" त्याने विचारलं. रिले काढून तार सरळ जोडायची, एवढंच. धवळीला खाटकाकडे न्यायला सांगितल्यासारखे अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "डायरेक्ट केल्यावर हॉर्न शेळीसारखा बें करतो."

तर धवळी बिनदिव्यांची राहिली आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं असं ठरून गेलं. उधन्याला माझ्या मेहुण्याकडे जावळाचं जेवण होतं. पंगतीत बासुंदी वाढायला लागले आणि अप्पा उठले. "दिलीपभाऊ, चला. सूर्य चालला." माझी वाटी माझ्यादेखत शेजारच्या पानाकडे सरकली. परतताना मी भडकलो. "अप्पा, एकच रिले धड आहे तर तो दिव्यांना लावा ना! हॉर्नचं काय, मी खिडकीतून ओरडेन!"

बिल्डिंगखाली गाडी लावून त्यांनी हॉर्न दाबला. लांब, दोनदा. हे रोजचंच, आणि त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणंही झालीत. मी कानांवर हात ठेवले. अप्पा मान बाहेर काढून वर बघत होते. वरच्या गॅलरीत त्यांच्या बायको, निर्मलाकाकू, आल्या, कठडा धरून उभ्या राहिल्या आणि हसल्या. काकूंचे कान गेलेत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. खांद्याला हात लावल्याशिवाय त्या वळत नाहीत. कानाच्या मशीनने डोकं दुखतं म्हणून मशीन कपाटात पडून असतं.

"तिले आते इतलंच ऐकू येस," अप्पा म्हणाले. घरातली अहिराणी ते माझ्याशी सहसा बोलत नाहीत. "मन्हं बोलनं नही येत. पन मी घर उनू, हे तिले समजस."

मला फार वाईट वाटलं. बासुंदीचा विषय मी पुन्हा काढला नाही. पुढच्या रविवारी मीच त्यांना घेऊन भंगार बाजार पालथा घातला आणि एका मोडक्या टेम्पोतून जुन्या पिनांचा रिले मिळवला. अप्पांनी तो दिव्यांना बसवला. "अन् हॉर्नचा?" मी विचारलं. "त्याला हात लावायचा नाही. तो बोलतोय."

आता धवळीचे दिवे झक्क लागतात. तरी परवा एका लग्नात जिलबी यायच्या आत अप्पा उठलेच.

"आता कशाची घाई? दिवे आहेत की!" मी म्हणालो.

"दिव्यांचं नाही, भाऊ," चपला शोधत ते म्हणाले. "उशीर झाला की ती घाबरते. तिला वाटतं, हॉर्न वाजून गेला अन् आपल्याला ऐकूच नाही आला."

मी हात धुतले आणि त्यांच्या आधी गाडीत जाऊन बसलो.