सईदाआपा एरर वाचतात

औषधासोबतचा घडीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचल्याशिवाय आमच्या शेजारच्या सईदाआपा गोळी गिळत नाहीत. लग्नपत्रिकेतला छापखान्याचा पत्तासुद्धा त्या सोडत नाहीत. "लिव्हलंय म्हंजी कुणीतरी सांगून राहिलंय," हे त्यांचं पालुपद. उदगीर आणि लातूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. आता निवृत्त, एकट्या.

मी लातुरात एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. निदान पाटीवर तसं लिहिलंय. पोरांवर छाप पाडायला मी लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि वायफाय बंद पडलं. तीनदा सगळं पुसून नव्यानं टाकलं. लॅपटॉप उलटा करून थोपटलासुद्धा. अकराला ऑनलाइन लेक्चर, आणि साडेनऊलाच मी घामाघूम.

आवाज ऐकून आपा चष्मा लावून आल्या. "मशीन काय म्हणतीय?"

"काही नाही. एरर येतोय."

"वाचला?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

काळ्या पडद्यावरच्या ओळी त्यांनी अक्षर अक्षर लावत वाचायला घेतल्या. बऱ्याच खाली बोट थांबलं. "हे बघा. वायरलेस कार्ड दिसून राहिलंय, पण त्याची फर्मवेअर फाईल सापडली न्हाई म्हणतंय. फाईलचं नावबी दिलंय. ते लई वेळ बोलून राहिलंय सर, तुम्हीच ऐकून न्हाई राहिले."

मोबाईल केबलनं जोडून मी कार्ड चालू करणारी ती फाईल उतरवायला लावली. ती मुंगीच्या पावलानं येऊ लागली. मी चुळबुळत होतो, आपा शांत.

"एवढा धीर कुठून आणता?"

"भूकंपात एक माणूस एक्स्चेंजात आला होता. बायको-लेकरं गावात. नंबर लावा म्हणे. दोन दिवस बाकावर बसून होता. मी लावून राहिले, लावून राहिले."

"लागला?"

"लाईनच उरली नव्हती. मला पहिल्याच सकाळी कळालं होतं."

"मग सांगितलं नाही?"

"कसं सांगू? डब्यातली भाकर दिली त्याला, आन् परत नंबर फिरवला."

फाईल उतरली. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर कोपऱ्यात वायफायची खूण उगवली. मी खुर्चीतून उडालोच. "आपा, लागलं!"

"लागलं," त्या हळूच म्हणाल्या, आणि पदरानं चष्म्याची काच पुसत बसल्या.