नाव सांगा, मंग कडी काढतो

हिंगणीत आमच्या शेजारी शंकरकाका राहतात. त्यांच्या फाटकाशी उभं राहिलं की आतून आवाज येतो, "नाव, बापाचं नाव, गाव!" मी त्यांच्या डोळ्यांसमोर वाढले. आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, तेव्हा गल्लीत पेढे त्यांनीच वाटले. तरी मलाही हे सगळं म्हणावंच लागतं. दूधवाल्याला तर रोज.

याला कारण मीच, आणि हे मी अभिमानानं सांगते. काकांना एकदा मेसेज आला: बिल थकलंय, आज वीज कापणार. बिल भरलेलं होतं. पण काका मानी. "ते कापतीन, त्याच्या आधी आपुनच बंद करू," म्हणत त्यांनी मेन स्विच पाडला आणि कंदील लावून बसले.

मी म्हटलं, "काका, हे ठग हायेत. आता सरकारच्या नियमानं बँकेले, कंपनीले मेसेजवरचं नाव आधी नोंदवा लागते. हा तर साधा नंबर हाये."

काकांना नियम फारच आवडला. "सरकारनं पहिल्यांदा माह्या मनासारखं केलं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून तो फाटकाला लागू केला.

परवा त्यांनीच मला हाक मारून फोन पुढे केला. त्यावर मेसेज होता: "बाबा, रविवारी येऊ का? सुनिता." सुनिता त्यांची एकुलती लेक. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून काकांनी बोलणं टाकलेलं.

"नंबर नवा. नोंद नाई. फसवणूक असन."

"काका, साध्या मानसाले नोंदणी नसते."

"मंग आपलं मानूस वळखाचं कसं?"

"तिलेच माहीत असन असं इचारा."

काकांनी फोन माझ्या हातात दिला. "लिही. आपल्या बोकडाचं नाव काय होतं?"

उत्तर लगेच आलं. "तहसीलदार. कागद खाये म्हणून."

काका खो खो हसले. मग कोरडाच फोन धोतरानं पुसत बसले. "येजो म्हणून लिही."

रविवारी फाटक सकाळपासून सताड उघडं होतं. तरी सुनिता बाहेरच थांबली. नियम तिला वाटेतच कुणीतरी सांगितला असावा. मान खाली घालून म्हणू लागली, "सुनिता. बापाचं नाव शंकर. गाव..."

"चूप वं पोरी!" काका ओसरीवरून ओरडले. आवाज फाटला होता. "तुह्यी नोंद म्याच केली हाये. चाल, आत ये."